पदवी हातात, नोकरी नाही: जून-जुलैत फ्रेशर्सची अडचण का होते आणि करायचं काय?

निकाल लागला, पेढे वाटून झाले, स्टेटसवर फोटोही टाकला. आणि मग प्रत्येक नातेवाईकाचा एकच प्रश्न, "लागली का नोकरी?"

तुमचंही असंच चाललं असेल, तर आधी एक गोष्ट लक्षात घ्या. यात दोष फक्त तुमचा नाही, कॅलेंडरचाही आहे.

आकडे काय सांगतात?

केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणाचे आकडे २०२५ पासून दर महिन्याला येऊ लागले. त्यानुसार १५ ते २९ वयोगटातला बेरोजगारी दर एप्रिल २०२५ मध्ये १३.८ टक्के होता, मे महिन्यात १५ टक्के झाला आणि जूनमध्ये १५.३ टक्क्यांवर गेला.

या वाढीमागे रब्बीनंतर शेतीची कामं कमी होणं हेही एक कारण आहे. शिवाय घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी हातभार लावणारा पदवीधर या मोजणीत बेरोजगार धरलाच जात नाही.

मग कॅलेंडरचा काय संबंध?

विद्यापीठांचे निकाल साधारण एकाच सुमारास लागतात. त्यामुळे लाखो सीव्ही एकदम बाजारात येतात. पण मोठ्या कंपन्यांची कॅम्पस भरती शेवटचं वर्ष सुरू होतानाच, जुलै-ऑगस्टपासून चालू झालेली असते. ज्या कॉलेजात प्लेसमेंट सेल नावापुरताच आहे, तिथली मुलं शर्यतीत वर्षभर उशिरा उतरतात.

पुढे गणपती ते दिवाळी या काळात दुकानं, गोदामं, डिलिव्हरी आणि कॉल सेंटरमध्ये भरती वाढते. पण ती बरीचशी तात्पुरती असते.

आता करायचं काय?

१. मूळ पदवीची वाट पाहू नका. दीक्षांत समारंभ व्हायला वेळ लागतो. तोवर गुणपत्रिका आणि तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र जोडून अर्ज करा.

२. अप्रेंटिसशिप बघा. केंद्राच्या 'नॅट्स' पोर्टलवर नोंदणी मोफत आहे. २०१९ च्या नियमांत पदवीधरांसाठी महिन्याला किमान ९,००० रुपये स्टायपेंड ठरला. बीए, बीकॉमवाल्यांनाही संधी असते. नंतर कायम करण्याचं बंधन मात्र कंपनीवर नसतं.

३. सणासुदीचं काम घ्या, पण कागदासकट. नेमणूक पत्र, कामाची मुदत आणि शेवटी अनुभव प्रमाणपत्र मागून घ्या. पीएफ कापला जात असेल, तर यूएएन नंबर जपून ठेवा.

४. सीनियर्सना मेसेज करा. "जॉब असेल तर सांगा" एवढंच लिहू नका. त्यांच्या कंपनीतली नेमकी जागा शोधा, सीव्ही जोडा आणि रेफरल मागा.

५. पैसे मागितले की थांबा. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग किट, लॅपटॉपचं डिपॉझिट, कारण काहीही असो. हा काळ फसवणूक करणाऱ्यांचाही सीझन असतो. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

आणि घरी काय सांगायचं?

शहरात राहून शोधायचं म्हटलं की रूमचं भाडं आणि मेसचे पैसे घरूनच येतात. म्हणून घरच्यांसोबत बसून मुदत ठरवा. उदाहरणार्थ, दिवाळीपर्यंत आपल्या क्षेत्रातली नोकरी शोधायची, तोवर खर्चापुरतं काम करायचं आणि दिवाळीनंतर पुन्हा विचार करायचा. रोज किती अर्ज केले, कुठून उत्तर आलं, हे एका वहीत लिहा. पुढच्या वेळी कुणी "लागली का?" विचारलं, तर निदान तुमच्या घरच्यांना तुम्ही काय करताय ते माहीत असेल.