काँक्रीटमधलं मीठ

समुद्रकाठच्या एखाद्या जुन्या इमारतीचा सज्जा खालून नीट पाहा. काँक्रीटचा पोपडा सुटलेला असतो आणि आतली सळई तांबूस होऊन उघडी पडलेली असते. आपण म्हणतो, "बांधकाम जुनं झालं." पण पुष्कळदा दोष वयाचा नसतो, तो असतो मिठाचा.

काँक्रीटमधली सळई एरवी गंजत का नाही, ते आधी पाहू. सिमेंट पाण्याशी मिसळलं की चुना तयार होतो आणि काँक्रीट तीव्र अल्कधर्मी बनतं. अशा जागी पोलादावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो. हेच त्याचं चिलखत. खारा वारा, समुद्राचे तुषार किंवा न धुतलेली खारी वाळू यांतून आलेले क्लोराइडचे आयन हे चिलखत जागोजाग भेदतात. मग गंज चढतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा लागते. ती मिळवण्यासाठी तो काँक्रीटच फोडतो.

वरून गिलावा केला तर खूण झाकते, मीठ आतच राहतं. ते बाहेर काढायचं कसं? क्लोराइडच्या आयनावर ऋण विद्युतभार असतो, आणि विजातीय भार एकमेकांना ओढतात, हे आपण शाळेत शिकलोच आहोत. त्याच तत्त्वावर हा उपाय उभा आहे. काँक्रीटच्या पृष्ठभागावर धातूची जाळी बसवतात आणि ती चुन्याच्या निवळीत भिजवलेल्या लगद्यानं झाकतात. जाळी धन ध्रुवाला जोडायची, आतल्या सळया ऋण ध्रुवाला. मग दर चौरस मीटरला सुमारे १ अँपिअर एकदिश प्रवाह कित्येक आठवडे चालू ठेवायचा. क्लोराइड हळूहळू सळईपासून दूर सरकत बाहेर लगद्यात येतं. शिवाय सळईपाशी हायड्रॉक्सिल आयन तयार होतात आणि मोडलेलं चिलखत पुन्हा धरायला मदत होते. काम संपलं की जाळी आणि लगदा काढून टाकतात. बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर टाकलेल्या मिठानं अमेरिकेतले पूल खराब होऊ लागले, तेव्हा १९७०च्या दशकात तिथं या पद्धतीचे प्रयोग झाले.

पण हा रामबाण उपाय नव्हे. सिमेंटशी जखडलेलं आणि सळयांच्या मागं दडलेलं मीठ पुष्कळसं तसंच राहतं. गंजून बारीक झालेली सळई पुन्हा जाड होत नाही. आणि जिथं उच्च ताकदीच्या पोलादी तारा ताणून बसवलेल्या असतात, तिथं हा प्रयोग धोक्याचा ठरतो. कारण सळईपाशी हायड्रोजनही निर्माण होऊ शकतो आणि त्यानं ताणलेलं पोलाद ठिसूळ होऊन तुटतं. पणजीचा मांडवीवरचा पूल १९८६ साली कोसळला, तो अशाच ताणलेल्या तारा गंजल्यामुळं. त्या जातीच्या पुलांना हे औषध देता येत नाही.

तेव्हा, घराला भेग दिसली तर गवंड्याला हाक मारण्यापूर्वी काँक्रीटमधलं क्लोराइड तपासून घ्या. आणि नवं घर बांधत असाल तर धुतलेली वाळू, गोडं पाणी आणि सळईवर पुरेसं जाड, घट्ट काँक्रीट, एवढं पाहा. आत गेलेलं मीठ काढायला आठवडे लागतात. ते आत जाऊ न देणं आपल्या हातात आहे.