मेकाँगच्या काठचा निवांतपणा

प्रवासाहून परतलेल्या माणसाला ‘तेथे काय पाहिले?’ असे विचारण्याची आपल्याकडे रीत आहे. लाओस देशातील लुआंग प्रबांग या गावाहून आलेल्या प्रवाशाची या प्रश्नाने थोडी अडचण होते. तेथील राजवाडा एखाद्या मध्यम संस्थानिकाच्या वाड्याहून फार मोठा नाही. गावाच्या मध्यभागी फू सी नावाची टेकडी आहे, तीही शंभर मीटरच्या आसपास उंचीची. तीनशेंहून थोड्या अधिक पायऱ्या चढल्या की माथा येतो. विहार सुंदर आहेत, परंतु अंगकोरच्या मंदिरांप्रमाणे ते मनावर दडपण आणीत नाहीत. तेव्हा प्रवासी थोडा घुटमळतो आणि म्हणतो, ‘पाहिले असे फार नाही, पण तेथे बरे वाटले.’ या ‘बरे वाटण्या’मागे काय आहे आणि पाहुण्याने ते बिघडवू नये म्हणून कसे वागावे, हे समजून घेण्याजोगे आहे.

लाओसला समुद्र नाही. तिबेटच्या पठारावर उगम पावून सुमारे साडेचार हजार किलोमीटर वाहणारी मेकाँग हाच त्या देशाचा जुना राजमार्ग. लाओ भाषेत नदीला ‘मे नाम’ म्हणतात, म्हणजे पाण्याची माता. कृष्णामाई म्हणणाऱ्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. उत्तर लाओसमध्ये नाम खान ही लहान नदी मेकाँगला येऊन मिळते, आणि संगमाआधी दोन प्रवाहांच्या मध्ये जिभेच्या आकाराची एक अरुंद भूमी राहते. या भूमीवर जुने लुआंग प्रबांग वसले आहे. कोणत्याही गल्लीने उतरत जावे, थोड्याच वेळात पाणी दिसते. गाव इतके आटोपशीर आहे की पायी चालणाऱ्याला तेथे वाहनाची आठवण होत नाही.

आज निवांत दिसणारे हे गाव एके काळी राजधानी होते. इ. स. 1353 मध्ये फा न्गुम या राजाने ‘लान सांग’, म्हणजे दशलक्ष हत्तींचे, राज्य स्थापन केले ते येथेच. ख्मेर दरबाराकडून आलेली म्हणून मानली जाणारी ‘फ्रा बांग’ ही बुद्धमूर्ती पुढे या राज्याची रक्षक ठरली व तिच्यावरूनच गावाला नाव मिळाले. 1560 च्या सुमारास राजा सेत्थाथिरात याने ब्रह्मी आक्रमणाच्या भयाने राजधानी दक्षिणेस व्हिएन्तिआनला नेली. मात्र त्याच सुमारास त्याने संगमाजवळ वात सिएंग थोंग हा विहार बांधविला. पंख पसरून बसलेल्या पक्ष्याप्रमाणे जमिनीकडे झुकलेली त्याची छपरे आजही उभी आहेत. 1893 मध्ये फ्रेंचांचे संरक्षण आले. त्यांनी आपल्या कचेऱ्या प्रामुख्याने व्हिएन्तिआनला थाटल्या; राजा मात्र येथे राहिला. डिसेंबर 1975 मध्ये राजसत्ता संपुष्टात आली आणि वाड्याचे वस्तुसंग्रहालय झाले. स्वतंत्र भारताचाही या देशाशी लवकरच संबंध आला. 1954 च्या जिनीव्हा करारानंतर लाओसमधील युद्धबंदीवर देखरेख करण्यासाठी जे आंतरराष्ट्रीय मंडळ नेमले गेले, त्याचे अध्यक्षपद भारताकडे होते व कॅनडा आणि पोलंड हे त्याचे अन्य सदस्य होते.

राजधानी गेली हे या शांततेचे एक कारण. दुसरे कारण नदीच्या पात्रात आहे. मेकाँगमधून आगबोटी थेट चीनपर्यंत नेता येतील, अशी फ्रेंचांना मोठी उमेद होती. 1866 ते 1868 या काळात त्यांचे एक शोधपथक नदीच्या वाटेने वर गेले. दक्षिण लाओसमधील खोन येथील धबधब्यांनी आणि वरच्या खडकाळ ओघांनी ही उमेद फोल ठरविली. समुद्रावरून येणारे मोठे जहाज लुआंग प्रबांगच्या घाटाला कधी लागलेच नाही. याच पथकाने वाटेत आँरी मूओ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाचे थडगे बांधले. अंगकोरची वर्णने युरोपला ज्याच्या लेखणीतून पोचली, तो हा मूओ 1861 मध्ये नाम खानच्या काठी तापाने वारला होता. ते थडगे गावाबाहेरच्या झाडीत आजही आहे.

आग्नेय आशियातील इतर निवांत नदीगावांची कथा थोड्याफार फरकाने अशीच आहे. व्हिएतनाममधील होई आन येथे चिनी व जपानी व्यापाऱ्यांची वर्दळ होती. थु बोन नदीचे मुख गाळाने भरत गेले, व्यापार दा नांगला गेला आणि जुनी लाकडी घरे जशीच्या तशी मागे राहिली. मिऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेले कंबोडियातील कांपोट हे महत्त्वाचे बंदर होते. 1950 नंतरच्या दशकात सिहानूकव्हिलचे नवे बंदर उभे राहिले आणि कांपोट मागे पडले. प्रवासी ज्याला निवांतपणा म्हणतो तो पुष्कळदा इतिहासाने वाट बदलल्याचा परिणाम असतो. दाभोळ किंवा चौलच्या धक्क्यावर जो उभा राहिला आहे, त्याला हे सहज पटेल.

मात्र मागे पडलेली सारीच गावे सुखद होत नाहीत. कित्येक नुसती ओस पडतात. लुआंग प्रबांग ओस पडले नाही, कारण त्याच्या दिनक्रमाला नदीचे आणि विहाराचे असे दोन भक्कम आधार होते.

पावसाळ्यात मेकाँग फुगते, तांबूस होते आणि काठाच्या पायऱ्या गिळते. नोव्हेंबरनंतर पाणी उतरू लागते व गाळाचे उतार उघडे पडतात. आपल्याकडे गाळपेर करतात त्याप्रमाणे तेथील कुटुंबे या उतारांवर भाजीपाला आणि भुईमूग लावतात. पाणी निवळले की बायका खडकांवरचे शेवाळ गोळा करतात, ते पातळ थापून त्यावर तीळ, लसूण व टोमॅटो पसरतात आणि उन्हात वाळवितात; तळल्यावर ते आपल्या पापडासारखे कुरकुरीत होते. याच दिवसांत नाम खानवर बांबूचा पूल उभारतात. पाऊस आला की तो पूल जातो, आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा बांधला जातो. पूल वाहून गेला म्हणून कोणी कपाळाला हात लावीत नाही. ‘बो पेन न्यांग’, म्हणजे ‘काही हरकत नाही’, हा शब्दप्रयोग तेथे वारंवार कानी पडतो. उतावळा प्रवासी त्याला आळस समजतो. वस्तुतः नदीपुढे घाई चालत नाही, हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या माणसांचे ते शहाणपण आहे.

दुसरा आधार विहाराचा. रोज पहाटे, उजाडता उजाडता, भगव्या वस्त्रांतील भिक्षू अनवाणी, एका ओळीत, न बोलता रस्त्याने निघतात. घरोघरीच्या बायका व पुरुष उंबऱ्याबाहेर चटईवर गुडघे टेकून बसलेले असतात आणि प्रत्येकाच्या पात्रात चिकट भाताचा एक लहानसा घास टाकतात. ओळीतील बरीच मुले कोवळ्या वयाची असतात. ती आसपासच्या खेड्यांतून आलेली असतात आणि विहारात राहून शिकत असतात. माधुकरी मागून किंवा वार लावून शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या हकिगती ज्या घरांत अजून सांगितल्या जातात, त्यांना या दृश्याचा अर्थ चटकन कळेल. कडेला एखादे गरिबाचे मूल टोपली घेऊन बसलेले असते. भिक्षू आपल्या पात्रातील थोडे त्याच्या टोपलीत टाकून पुढे जातो. घेणारा लगेच देणारा होतो. हे सारे कोणासाठी मांडलेले नसते; गावाची सकाळच तशी होते.

पाहुण्याची खरी परीक्षा येथे होते. चित्रे घेण्याच्या हौसेने काही प्रवासी भिक्षूंच्या अगदी तोंडासमोर जातात, प्रकाशाचे झोत टाकतात, ओळीबरोबर धावतात. असे वागू नये, अशी विनंती करणारे फलक गावात लावावे लागले आहेत. ज्याला पाहावयाचे असेल त्याने रस्त्याच्या पलीकडच्या बाजूस शांत उभे राहावे. ज्याला मनापासून दान द्यावेसे वाटेल त्याने आदल्या दिवशी यजमानांस विचारावे, ताजा भात घ्यावा, पादत्राणे काढावीत, खांदे व गुडघे झाकावेत आणि भिक्षूंपेक्षा खाली बसावे. स्त्रियांनी भिक्षूंस स्पर्श करू नये. विहारात बसताना पाय मूर्तीकडे करू नयेत आणि कोणाच्याही डोक्यास हात लावू नये. हे नियम भारतीयास परके नाहीत. परदेशी गेल्यावर ते आठवले म्हणजे झाले.

प्रवासाची वेळ व वाट यांचाही विचार करावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने थंड व कोरडे असतात. मार्चमध्ये डोंगरांवर शेतीसाठी रान जाळतात, तेव्हा धुराने नदीचा पलीकडचा काठही धूसर होतो. एप्रिलच्या मध्यास नववर्षाचा उत्सव येतो. त्याला ‘संगखान’ म्हणतात आणि या शब्दात आपली संक्रांत स्पष्ट ऐकू येते. त्या दिवसांत फ्रा बांगची मूर्ती बाहेर आणून तिला जलाभिषेक करतात, आणि रस्त्यावर कोणी कोरडा राहत नाही.

ज्याच्याजवळ दोन दिवस आहेत त्याने थायलंडच्या सरहद्दीवरील हुआय साय येथून संथ चालणाऱ्या लाकडी होडीने यावे. वाटेत पाकबेंग येथे रात्रीचा मुक्काम होतो. अनेक होड्यांत जुन्या मोटारींची आसने बसविलेली असतात. तरीही पाठीला उशी, सोबत फराळ, पाणी व सकाळच्या गारठ्यासाठी एखादी शाल असावी. वेगाने धावणाऱ्या छोट्या होड्याही मिळतात. खडकाळ पात्रात त्या धोक्याच्या असतात, शिवाय त्यांच्या आवाजात प्रवासाचे सुख हरवते. शाकाहारी माणसाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी : भाजीच्या पदार्थातही आंबविलेल्या माशांचा रस घालण्याची तेथे रीत आहे, म्हणून आधीच स्पष्ट सांगावे. चिकट भात आणि फळे यांवर मात्र कोणाचेही पोट भरते. प्रवेशपत्राचे नियम बदलत असतात. निघण्यापूर्वी ते पाहून घ्यावेत.

1995 मध्ये युनेस्कोने लुआंग प्रबांगचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. त्यामुळे जुनी घरे, गल्ल्या व विहार पाडापाडीपासून वाचले. परंतु याच मानामुळे प्रवाशांची रीघ लागली, आणि जुन्या भागातील अनेक घरमालकांनी घरे पाहुण्यांच्या निवासासाठी भाड्याने देऊन स्वतः गावाबाहेर बिऱ्हाड केले. घरे राहिली, उंबऱ्यावर भात घेऊन बसणारी माणसे मात्र कमी झाली. ज्या विहाराचे शेजारी निघून जातात, त्याची भिक्षा कोण घालणार? डिसेंबर 2021 मध्ये चीनला जोडणारा लोहमार्ग सुरू झाला. पूर्वी व्हिएन्तिआनहून डोंगरातील रस्त्याने दिवस मोडत असे, तेथे आता सुमारे दोन तास लागतात. तेथील विद्यार्थ्यांची, रुग्णांची व व्यापाऱ्यांची यामुळे मोठी सोय झाली. ती होऊ नये असे केवळ आपल्या विश्रांतीसाठी म्हणणे हा पाहुण्याचा स्वार्थ ठरेल.

नदीचा प्रश्न अधिक बिकट आहे. गावाच्या खालच्या अंगास असलेले सायाबुरी धरण 2019 मध्ये वीज देऊ लागले, आणि वरच्या अंगास सुमारे पंचवीस किलोमीटरांवर 1460 मेगावॉटच्या दुसऱ्या धरणाचे काम हाती घेण्यात आले आहे. वीज विकून पैसा उभा करणे ही गरीब देशाची निकड आहे. पण पाण्याचे चढणे-उतरणे नदीच्या मर्जीऐवजी यंत्रांच्या हिशेबाने होऊ लागले, तर गाळपेरीचे उतार, शेवाळाचे खडक आणि माशांच्या वाटा यांचे काय होईल, ही चिंता काठच्या लोकांना आहे. युनेस्कोच्या वारसा समितीनेही आपली काळजी व्यक्त केली आहे.

या मोठ्या व्यवहारांत प्रवाशाचा शब्द चालत नाही. त्याच्या हाती लहान गोष्टी आहेत : चार दिवस अधिक राहणे, गावकऱ्याच्या घरगुती निवासात उतरणे, काठच्या बाजारातील भाजी व विणकरणीचे वस्त्र योग्य भावाने घेणे, पहाटे गप्प उभे राहणे. तेवढे ज्याने केले, त्याला परतल्यावर ‘काय पाहिले?’ या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागणार नाही. एक गाव सकाळी कसे उठते ते पाहिले, आणि आपल्या येण्याने त्याची झोपमोड होऊ दिली नाही, एवढे सांगितले तरी पुरे आहे.