भाड्याच्या खोल्यांना हरकत कुणाची आणि कशासाठी?

धुळ्याच्या पॉवरलूम वस्तीत किंवा जळगावच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांचा कारखाना आहे, त्यांच्या तोंडी सुताच्या भावाच्या आणि विजेच्या बिलाच्या खालोखाल एक तक्रार हमखास असते. कारागीर टिकत नाही. चार महिने काम करतो, हात बसतो, आणि एक दिवस गठडी बांधून निघून जातो. तो का गेला याची चौकशी केली तर कारण पुष्कळदा मजुरीचे नसून खोलीचे निघते. लूमच्या शेजारी, कारखान्याच्या माळ्यावर, मालाच्या थप्पीवर झोपणारा माणूस बायकामुलांना आणू शकत नाही. आणि बायकामुले नसलेला माणूस गावात रुजत नाही.

आमच्या परिचयाच्या एका कारखानदाराने काही वर्षांपूर्वी आपल्या बंद पडलेल्या गोदामाच्या जागी कारागिरांसाठी वीस खोल्या बांधून माफक भाड्याने देण्याचे ठरविले. नकाशा अजून कागदावर उतरला नव्हता, तोच गल्लीत सह्यांचा अर्ज फिरला. पाणी पुरणार नाही, गटार तुंबेल, बाहेरगावचे सडेफटिंग लोक येतील, लेकीबाळींना जाणेयेणे अवघड होईल, असा मजकूर होता. तीन दिवसांत साठ-सत्तर सह्या झाल्या. त्यात एक सही आमचीही होती, हे आधीच सांगून टाकलेले बरे. कारखानदाराने बेत सोडला.

त्या अर्जात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र कालवल्या होत्या, हे आमच्या ध्यानात फार उशिरा आले. पाणी, गटार, रस्ता, पार्किंग, आगीच्या बंबाची वाट या हरकती जागेविषयीच्या आहेत. कोण राहायला येणार, कुठल्या मुलखाचा, कुठल्या जातीचा, लग्नाचा की बिनलग्नाचा ही हरकत माणसाविषयीची आहे. पहिलीला उत्तर देता येते आणि ते देणे पालिकेवर व बांधणाऱ्यावर बंधनकारक आहे. दुसरीला कायद्यात फारसा आधार नाही, पण गल्लीत वजन तिचेच असते. म्हणून ती पहिलीचा बुरखा पांघरून येते.

पाण्याची हरकत खोटी असते असे आमचे म्हणणे नाही. जळगावला वाघूर धरणाचे पाणी, धुळ्याला तापीचे आणि नकाणे तलावाचे. धरणात पाणी असूनही नळाला दिवसाआड येते, हे दोन्ही शहरांतील गृहिणींना सांगायला नको. अशा ठिकाणी वीस कुटुंबे वाढली तर शेजाऱ्याने विचारावेच, की तुमची टाकी केवढी, बोअर आहे का, सांडपाणी कुठल्या गटारात सोडणार? पण हे प्रश्न साठ सह्यांच्या अर्जाने सुटत नाहीत. ते नगररचना विभागात बांधकामाचा नकाशा पाहून सुटतात. मंजूर नकाशाची प्रत माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्याखाली मागता येते. जागा निवासी विभागात असेल आणि नकाशा नियमांत बसत असेल तर शेजाऱ्यांची संमती लागत नाही. नकाशाबाहेर बांधकाम झाले तर 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली पालिका नोटीस काढू शकते. आणि जागेचे आरक्षण किंवा वापरच बदलायचा असेल, तर त्याच कायद्याप्रमाणे जाहीर नोटीस देऊन सूचना व हरकती मागवाव्या लागतात. शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हाही हीच पद्धत आहे. हरकतीची खरी वेळ ती. पण ती नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात येते, आपण पान उलटतो, आणि पुढे पाच वर्षांनी विटांचा ट्रक आला की रस्त्यावर उतरतो.

आता माणसाविषयीच्या हरकतीकडे वळू. ही हरकत आपल्या वाचकांना नवी नाही, कारण ती बहुधा आपल्याविरुद्धच असते. दलाल फोनवर खोली आहे म्हणतो आणि नाव सांगितल्यावर ती कालच गेलेली असते. याविरुद्ध दाद मागावी तर वाट सरळ नाही. राज्यघटनेच्या 15 व्या कलमाचा भेदभावाविरुद्धचा मुख्य दंडक सरकारवर आहे. खासगी मालकाने घर कोणाला द्यावे, यावर महाराष्ट्रात तसा थेट कायदा नाही. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2005 साली सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा संस्थेचा उपनियम ग्राह्य धरला. सरकारी योजनेतील घराची गोष्ट मात्र वेगळी. तिथे सोडत निघते आणि सोडतीला धर्म नसतो. तरीही वडोदऱ्याच्या हरणी भागातील 462 घरांच्या वसाहतीत काय झाले ते पाहा. मुख्यमंत्री आवास योजनेतून 2017 साली एका नोकरदार मुस्लिम बाईंना तिथे घर लागले. त्यांचे वाटप रद्द करावे म्हणून 33 रहिवाशांनी सह्या करून जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार दिली, आणि 2024 च्या जूनमध्ये ही बातमी देशभर झाली. वाटप नियमाप्रमाणेच झाले, असे अधिकारी सांगत राहिले. पण शेजार सह्या घेऊन उभा राहिल्यावर नियमाच्या बळावर त्या घरात दिवा लावणे सोपे नसते.

ती बातमी वाचून आम्हाला जो संताप आला तो खराच होता. पण त्या 33 सह्या आणि आमच्या गल्लीतल्या साठ-सत्तर सह्या यांत फरक किती? तिथे धर्म होता, इथे मुलूख आणि गरिबी. आमच्या गल्लीत सही करणारे सगळे आपलेच होते, आणि खोल्यांत येणारे कारागीरही बहुतांशी आपलेच. फक्त ते उत्तरेकडून आलेले आणि भाडेकरू होते. खान्देशातील हजारो माणसे सुरतेच्या लिंबायत, उधना भागात भाड्याने राहून पोट भरतात. तिकडच्या मालकाने खान्देशी म्हणून दार लावले तर आपण काय म्हणू, हा प्रश्न सही करताना सुचला नाही.

धुळ्यापुरते आणखी एक सांगावेसे वाटते. 2008 च्या ऑक्टोबरातील दंगल आणि 6 जानेवारी 2013 रोजी मच्छीबाजारात उसळलेली दंगल, ज्यात पोलिस गोळीबारात सहा माणसे गेली, यानंतर माणसे आपापल्या वस्तीच्या अधिक आत सरकली. वस्ती तेवढीच आणि राहणारे वाढलेले, तेव्हा भाडी वाढणारच. मिश्र वस्तीत घर मिळत नाही आणि आपल्या वस्तीत नवी खोली बांधू दिली जात नाही, अशा दोन भिंतींमध्ये कारागीर अडकतो.

सरकारने बांधावीत, असे म्हणणे सोपे आहे. जळगावने त्याचा अनुभव घेतलेला आहे. 2003 साली महापालिका होण्यापूर्वी, नगरपालिका असताना, गरिबांसाठी शहराच्या कडेला घरकुले बांधण्याची मोठी योजना निघाली. सुमारे 5000 घरांचे काम दिले गेले, पुरी झाली सुमारे 1500. जागेची कागदपत्रे व परवानग्या नीट नसताना ठेकेदाराला बिनव्याजी आगाऊ रकमा दिल्याचा आरोप झाला. 2006 च्या फेब्रुवारीत तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली, आणि 31 ऑगस्ट 2019 रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने माजी मंत्री सुरेश जैन यांच्यासह 48 जणांना दोषी ठरविले. त्यावर अपिले झाली, तो भाग वेगळा. आमच्या दृष्टीने हिशेब असा की, घर जळगावच्या गरिबाचे, खटला धुळ्यात, आणि मधली वीस वर्षे तो गरीब भाड्याने किंवा अतिक्रमणात. त्या घरकुलांना शेजाऱ्यांनी अडविले नव्हते. कागदाने अडविले.

मुंबईकडे एमएमआरडीएने 2008 साली खास भाड्याची घरे बांधण्याची योजना काढली होती. खोली 160 चौरस फुटांची, बदल्यात बिल्डरला चार एफएसआय. एवढी दाट वस्ती आली तर पाणी आणि रस्ते कुठून पुरवायचे, असा सवाल तिकडे उभा राहिला. पुढे योजनेचे स्वरूप बदलले आणि पनवेलजवळ कोन येथील अशी 2417 घरे, दोन खोल्यांची एक करून, 2016 च्या सोडतीत गिरणी कामगारांना विकत देण्यात आली. भाड्याचे घर भाड्याचे म्हणून टिकविणे आपल्याकडे कोणाला जमत नाही, असे त्यावरून वाटू लागते.

2020 च्या टाळेबंदीत मजूर पायी गावाकडे निघालेले सर्वांनी पाहिले. त्यानंतर जुलै 2020 मध्ये केंद्राने परवडणाऱ्या भाडे गृहसंकुलांची योजना मंजूर केली. सरकारी पैशाने बांधून रिकामी पडलेली घरे 25 वर्षांच्या कराराने भाड्यासाठी चालविणे हा तिचा एक मार्ग. खासगी किंवा सार्वजनिक संस्थांनी आपल्या मोकळ्या जागेवर अशी घरे बांधून चालविणे हा दुसरा. पहिल्या मार्गाने ज्या शहरांत घरे उघडली त्यांत सुरतही आहे. 2024 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याच्या घरांचा स्वतंत्र भाग ठेवलेला आहे. हा मार्ग एकट्या लहान कारखानदाराच्या आवाक्यातला नाही, हे खरे. पण पाच-दहा लूमवाल्यांनी किंवा चटई कारखानदारांनी मिळून एक जागा पुढे केली तर पालिकेच्या आवास विभागात जाऊन विचारायला हरकत नाही. जागेचा सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा, अकृषिक असल्याचा पुरावा आणि झोन दाखला आधी हातात असू द्यावा. घरकुलाच्या बाबतीत चूक तिथेच झाली.

मालक मंडळींची धास्ती वेगळीच असते. आज खोली दिली तर उद्या ती सुटेल का? पागडीच्या दिवसांपासून ही भीती रक्तात आहे. 1947 च्या भाडे कायद्याखाली अडकलेली घरे आपल्या बाजारपेठांत अजून दिसतात. परंतु 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 लागू झाला, त्याला आता पाव शतक उलटून गेले आहे, आणि तरी व्यवहार जुन्याच भीतीने चालतो. राहण्याची खोली लिव्ह अँड लायसन्सवर दिली आणि मुदत संपूनही माणूस हलला नाही, तर 24 व्या कलमाप्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागता येतो आणि तोवर दुप्पट आकार लागतो.

अट एकच. करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा. अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, ही समजूत आपल्या राज्यात चुकीची आहे. 55 व्या कलमाने मुदत कितीही असली तरी नोंदणी सक्तीची केली असून ती करण्याची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही; शिवाय वाद झाला तर अटी भाडेकरू सांगेल त्या, तुम्ही उलट सिद्ध करीपर्यंत.

खर्च किती? समजा भाडे 3000, अनामत 10,000 आणि मुदत अकरा महिने. एकूण भाडे 33,000. अनामतीवर दरसाल 10 टक्के व्याज धरून अकरा महिन्यांचे सुमारे 917. बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे 85 रुपयांच्या आसपास, ते 100 धरा. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1000, वर दस्त हाताळणीचे किरकोळ. एका कोर्टाच्या तारखेला वकिलाच्या दारी याहून जास्त जाते.

ज्यांचा फ्लॅट सोसायटीत आहे त्यांनीही जाणून असावे, की सहकार खात्याच्या आदर्श उपविधींप्रमाणे भाडेकरू ठेवण्यास सोसायटीची परवानगी लागत नाही. कराराची प्रत देऊन आगाऊ कळवावे लागते. बिनभोगवटा शुल्कही सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, असा शासनाचा 1 ऑगस्ट 2001 चा आदेश आहे. चेअरमन तोंडी नाही म्हणाले, तर ते लेखी मागावे. ज्या संस्थेने असे उपविधी स्वीकारले आहेत, तिथला नकार कागदावर सहसा येत नाही.

आणि मालकांनो, हाच कायदा भाडेकरूचाही आहे. भाड्याची पावती द्यावी लागते. भांडण झाले म्हणून नळ किंवा वीज तोडता येत नाही, 29 वे कलम त्यासाठीच आहे. पोलिस ठाण्यात भाडेकरूची माहिती देण्याचे आदेश वेळोवेळी निघतात. ती दिली तर शेजाऱ्यांच्या ‘कोण आहेत, कुठले आहेत’ या प्रश्नालाही उत्तर तयार राहते. कारागिराला तो करार म्हणजे राहण्याचा पुरावा. बँक खाते, गॅस जोडणी, मुलाचा शाळेतील दाखला, प्रत्येक ठिकाणी तो उपयोगी पडतो. मुलगा शाळेत बसला की बाप लूम सोडत नाही.

आमच्या परिचयाचा तो कारखानदार पुन्हा विचार करतो आहे. या वेळी त्याने वीसऐवजी बारा खोल्यांचा नकाशा काढला आहे, गच्चीवर टाकी आणि मागच्या बाजूला शोषखड्डा दाखविला आहे, आणि निम्म्या खोल्या कुटुंबवाल्यांसाठी राखल्या आहेत. नकाशा पालिकेत देण्यापूर्वी तो गल्लीत दाखवावा, असे आम्ही सुचविले आणि सोबत येतो म्हटले. मागच्या अर्जावर सही करणाऱ्यांपैकी दोघांनी टाकीची उंची विचारली. बाकीचे येत्या शुक्रवारी नमाजनंतर बसणार आहेत.