कुंचल्यांची निगा व साठवण

प्राथमिक शाळेतील चित्रकलेच्या तासास जी थोडीबहुत साधने लागतात, त्यांत कुंचला हे सर्वांत नाजूक साधन होय. रंगाची वडी संपली म्हणजे ती संपल्याचे दिसते. कागद फाटला तर तेही दिसते. कुंचला मात्र वरून शाबूत दिसत असूनही निकामी झालेला असू शकतो. त्याचे केस फाकतात, टोक दुभंगते आणि मूल एक रेघ काढू जाते तेथे दोन उमटतात. पानाची कडा रंगविताना रंग कडेबाहेर पसरतो. मुलास कुंचल्यातील दोष कळत नाही. ते आपल्या हातास दोष देते. ‘मला चित्र काढता येत नाही’ असा ग्रह तिसरी-चौथीच्या वयात एकदा झाला म्हणजे तो सहसा जात नाही. म्हणून कुंचल्यांची निगा हा केवळ शाळेच्या सादिलवार खर्चाचा प्रश्न नसून शिक्षणाचाही प्रश्न आहे, हे प्रथमच ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

कुंचला वापराने जितका झिजतो, त्याहून अधिक तो ठेवण्यातील हयगयीने बिघडतो. प्रस्तुत लेखात वरवट बकाल व त्याच्या आसपासच्या, पूर्णेच्या खोऱ्यातील गावांचे हवापाणी डोळ्यांपुढे ठेवून कुंचले कसे धुवावे व कसे ठेवावे याचा विचार केला आहे.

कुंचल्याची घडण

कुंचल्याचे तीन भाग असतात : केस, धातूची नळी व लाकडी दांडा. केसांचा जुडगा मुळाशी बांधून सरसासारख्या चिकट द्रव्याने पक्का करतात, तो नळीत बसवितात व नळी दांड्यावर दाबून घट्ट करतात. प्राण्याचा केस निसर्गतःच टोकाकडे निमुळता असतो. चांगला कुंचला बांधणारा कारागीर ही निमुळती टोके एकत्र जुळवितो. कात्रीने कापून टोक कधीच करीत नाही. नायलॉनसारख्या कृत्रिम तंतूंनाही कारखान्यात असेच निमुळते टोक आणलेले असते.

अनेक केस जवळजवळ आले म्हणजे त्यांच्यामध्ये अतिसूक्ष्म पोकळ्या राहतात. त्यांत केशाकर्षणाने पाणी धरून ठेवले जाते. शिवाय पाण्याच्या पृष्ठताणामुळे ओले केस एकमेकांकडे ओढले जाऊन टोक आपोआप जुळते. कुंचला पारखण्याची रीत याच गुणावर आधारलेली आहे. कुंचला स्वच्छ पाण्यात भिजवून एक झटका द्यावा. टोक आपणहून जुळले तर तो चांगला समजावा.

आता नळीच्या तोंडाशी रंग वाळून बसला तर काय होते ते पाहा. मुळाशी पाचर ठोकली की लाकूड जसे पुढे उकलते, तसे केस मुळाशीच दूर सारले जातात आणि टोक उघडते. वरवर टोक स्वच्छ दिसले तरी दोष नळीत दडलेला असतो. निगा राखण्याच्या बहुतेक नियमांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

कुंचला बांधण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रकलेच्या प्रकरणी वासराच्या कानातील केसांच्या कुंचल्याचा उल्लेख आहे. ठाणे-पालघर भागातील वारली चित्रकार बांबूच्या काडीचे टोक चावून त्याचाच कुंचला करीत आले आहेत. बाजारात ‘कॅमल हेअर’ या नावाने मिळणाऱ्या कुंचल्यांत उंटाचे केस नसतात. ते सामान्यतः खार, घोडा किंवा बोकड यांचे असतात. मुंगसाच्या केसांच्या कुंचल्यांविषयी मात्र विशेष दक्षता घ्यावी. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये मुंगसास संरक्षण असून त्याच्या केसांच्या कुंचल्यांचा व्यापार बेकायदेशीर आहे. २०१९ साली वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने या व्यापाराविरुद्ध देशात अनेक ठिकाणी छापे घातले होते. शाळेसाठी कृत्रिम तंतूंचे कुंचले घेणे हेच उत्तम. ते स्वस्त पडतात आणि त्यांना कसर लागत नाही.

कुंचला बिघडण्याची कारणे

(१) रंगकाम चालू असता कुंचला पाण्याच्या भांड्यात टोकावर उभा ठेवणे. वर्गात सर्वांत अधिक आढळणारी चूक हीच. दांड्याचा भार टोकावर पडून केस वाकतात. शिवाय दांड्याचे लाकूड पाणी पिऊन फुगते व वाळल्यावर आकसते. रोगण तडकते आणि नळी सैल होते.

(२) ओला कुंचला टोक वर करून उभा ठेवणे. अशाने केसांतील गढूळ पाणी खाली नळीत उतरते व रंग तेथेच साचतो.

(३) ओला कुंचला डब्यात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करणे. अशाने बुरशी येते व केस मुळाशी कुजतात.

(४) नैसर्गिक केसांस कसर लागणे. लोकरीस लागणारी कीड केसांसही लागते. रंग व तेलकट मळ राहिलेला कुंचला तिला अधिक आवडतो.

(५) फाकलेले केस कात्रीने छाटणे. यात निमुळती टोके नाहीशी होतात व उरतो तो केवळ बोथट झुपका.

(६) टोक जुळविण्यासाठी कुंचला ओठांत धरणे. यात कुंचल्यापेक्षा मुलाची हानी अधिक आहे. काही रंगद्रव्ये पोटात जाणे घातक असते, व एकाचा कुंचला दुसऱ्याच्या हाती जातो. ही सवय पहिल्याच तासाला मोडावी.

आपल्याकडील पाणी व हवा

संग्रामपूर, जळगाव जामोद व शेगाव या तालुक्यांतील अनेक गावे खारपाणपट्ट्यात मोडतात. तेथील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी खारे असते, हे शिक्षकांस सांगणे नलगे. पिण्यास व शेतीस जे पाणी त्रासदायक, ते कुंचल्यासही चांगले नाही. खाऱ्या पाण्यात धुतलेला कुंचला वाळला म्हणजे पाणी उडून जाते व क्षार केसांत राहतात. ते केसांच्या मुळाशी साचून केस राठ करतात व हळूहळू तीच पाचर ठोकतात. शिवाय अशा पाण्यात साबणाचा फेस न होता चिकट साका होतो आणि तो केसांस बिलगतो.

यावर उपाय सोपा आहे. प्रथम रंग काढण्यासाठी कोणतेही पाणी वापरावे. परंतु अखेरचे विसळणे गोड्या पाण्याने करावे. नळयोजनेचे गोडे पाणी येत असल्यास तेच पुरे. ते नसेल तर पहिले एक-दोन पाऊस जाऊ देऊन, नंतरच्या सरींचे पागोळ्यांचे पाणी झाकणाच्या भांड्यात गाळून, केवळ याच कामासाठी राखून ठेवावे. तीस कुंचल्यांच्या शेवटच्या विसळण्यास एक तांब्याभर पाणी पुरते. पिण्याच्या पाण्याची ओढ असेल तेथे इतकी काटकसर करणे आपले कर्तव्यच आहे.

हवेचीही दोन टोके आपल्याकडे आहेत. उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो व पत्र्याच्या छपराखालील खोली भट्टीसारखी तापते. अशा वेळी दांडे आकसतात, नळ्या हलू लागतात. पावसाळ्यात याच्या उलट दमट हवेने बुरशीचे भय असते. म्हणून कुंचले कधीही उन्हात वाळवू नयेत. सावलीत, वाऱ्यावर वाळवावे. ठेवण्याची जागा छपरापासून दूर व जमिनीच्या ओलीपासून वर असावी.

तास संपल्यावर

तास संपण्यापूर्वी दहा मिनिटे काम थांबवावे. हा वेळ वाया गेला असे समजू नये. क्रम येणेप्रमाणे ठेवावा.

प्रथम जुन्या सुती कापडाने कुंचल्यातील रंग टिपून घ्यावा. ओढताना दिशा नळीकडून टोकाकडे असावी. मग पहिल्या बादलीत कुंचला तळास न टेकविता हलवावा. नंतर तळहातावर अंघोळीच्या साध्या साबणाचा थोडा फेस घेऊन त्यात कुंचला हलक्या हाताने गोल फिरवावा. फेसात रंग येतो आहे तोवर तो धुतला गेला नाही असे समजावे. कपड्यांचा सोडा किंवा धुण्याची पूड वापरू नये. त्याने नैसर्गिक केसांतील स्निग्धता जाऊन ते ठिसूळ होतात. शेवटी गोड्या पाण्यात विसळून एक झटका द्यावा आणि बोटांच्या चिमटीने टोक जुळवावे. चपटा कुंचला असेल तर दोन बोटांत धरून सपाट करावा.

रंगारंगांतही भेद आहे. जलरंगाच्या वडीत बंधक म्हणून डिंक असतो. तो वाळला तरी पाण्यात पुन्हा विरघळतो. म्हणून राहिलेली चूक दुसऱ्या दिवशीही सुधारता येते. ॲक्रिलिक रंग आणि भिंतीस देण्याचे इमल्शन एकदा वाळले म्हणजे पाण्यात विरघळत नाहीत. ते कुंचल्यात तासभर राहिले तरी कुंचला गेला असे समजावे.

ठेवण्याची साधने

ओला कुंचला वाळविण्याची उत्तम रीत म्हणजे टोक खाली करून टांगणे. भिंतीस एक सुतळी ताणून कपड्यांच्या चिमट्यांनी दांडे अडकवावे. पाणी नळीत न उतरता टोकाकडून गळून जाते. चिमटे नसल्यास एक फळी एका बाजूने दोन बोटे उचलून तीवर कुंचले आडवे ठेवावे. टोके उताराच्या बाजूस व फळीच्या कडेबाहेर राहतील असे पाहावे.

पूर्ण वाळल्यावर मात्र कुंचला टोक वर करून डब्यात उभा ठेवण्यास हरकत नाही. डबा जड बुडाचा असावा, व त्यात इतकी दाटी नसावी की केस एकमेकांवर दाबले जातील. वर्ग चालू असता कुंचले ठेवण्यासाठी गावच्या सुताराकडून खाचांची लाकडी पट्टी करून घ्यावी. ती नसेल तर वहीचा जाड पुठ्ठा घडीच्या पंख्याप्रमाणे दुमडावा; त्याच्या खाचांत कुंचले आडवे राहतात. हे काम मुले कार्यानुभवाच्या तासात आनंदाने करतात.

ने-आण करण्यासाठी बांबूच्या बारीक कामट्यांची, सुतळीने विणलेली गुंडाळी फार सोयीची असते. फटींतून हवा खेळते व कामट्यांमुळे केस दबत नाहीत. मांजरपाटाच्या कापडास उभे कप्पे शिवूनही अशी गुंडाळी होते. कुंचला कप्प्यात दांड्याच्या बाजूने घालावा, म्हणजे केसांस धक्का लागत नाही. नव्या कुंचल्यावरील प्लॅस्टिकची टोपी पुन्हा चढविण्याच्या भरीस पडू नये. तीत एखादा केस उलटा दुमडला की तो तसाच राहतो.

दीर्घ सुट्टीतील व्यवस्था

विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रानंतर उघडतात. इतका काळ कुंचले कोणी पाहत नाही व बहुधा याच काळात ते बिघडतात. सुट्टी लागण्यापूर्वी सर्व कुंचले साबणाने धुवून दोन दिवस सावलीत वाळू द्यावे. मग बाभळीचा डिंक पाण्यात अगदी पातळ विरघळवून त्यात केस बुडवावे, टोक जुळवावे व पुन्हा वाळवावे. डिंकाने केस एकत्र कडक राहतात व टोकास धक्का लागत नाही. नवा कुंचला दुकानातून येतो तेव्हा कडक असतो तो याच कारणाने. शाळा उघडल्यावर साध्या पाण्यात धुतले की डिंक निघून जातो.

असे कुंचले घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात आडवे ठेवावे. सोबत पूर्ण वाळलेला कडुनिंबाचा पाला घालण्याचा प्रघात आहे. परंतु त्यावर सर्वस्वी विसंबू नये. कसरीपासून खरे रक्षण स्वच्छतेने व घट्ट झाकणाने होते. डांबराच्या गोळ्या शाळेत टाळाव्या. लहान मूल त्या खाऊ समजून तोंडात घालण्याचा संभव असतो व त्या विषारी आहेत.

बिघडलेला कुंचला

फाकलेला कुंचला लगेच टाकून देऊ नये. आधी तो कोमट पाण्यात भिजवून नळीच्या तोंडाशी साबण लावून चोळावा. बहुधा जुना रंग सुटू लागतो. मग डिंकाच्या पाण्यात बुडवून टोक जुळवावे, केसांभोवती कागदाची पट्टी गुंडाळावी व दोन दिवस तसाच ठेवावा. कृत्रिम तंतू वाकले असतील तर ते गरम, परंतु उकळत नसलेल्या पाण्यात काही क्षण धरून बोटांनी सरळ करावे. हे काम शिक्षकांनी स्वतः करावे. इतके करूनही टोक जुळले नाही तर तो कुंचला पार्श्वभूमी भरणे, ठसे उमटविणे किंवा डिंक लावणे या कामांस राखावा. बारीक कामासाठी तो मुलाच्या हाती पुन्हा देऊ नये.

शाळेच्या बोलक्या भिंतींसाठी तैलरंग वापरला असल्यास ते कुंचले पाण्याने धुतले जात नाहीत. प्रथम टर्पेंटाइन व नंतर साबण असा क्रम ठेवावा. हे काम मोठ्यांनी, उघड्या जागी व विस्तवापासून दूर करावे. दुसऱ्या दिवशी तोच रंग द्यावयाचा असेल तर दांड्यास भोक पाडून त्यात तार घालावी व कुंचला टर्पेंटाइनमध्ये असा टांगावा की टोक भांड्याच्या तळास लागणार नाही.

मुलांचा वाटा

वरील सर्व काम एकट्या शिक्षकांनी करावयाचे नाही. दोन मुलांची कुंचले-पाळी आठवड्यासाठी लावावी. प्रत्येक दांड्यावर क्रमांक घालावा व तोच क्रमांक मुलाच्या नावापुढे लिहावा. आपला कुंचला आपल्याचकडे परत येणार हे कळले म्हणजे मूल त्यास जपते. महिन्यातून एकदा सर्व कुंचले ओले करून झटक्याची परीक्षा मुलांकडूनच करवावी. कोणाच्या कुंचल्याचे टोक जुळते हे पाहण्यात त्यांस मोठी गंमत वाटते, आणि न जुळल्यास कारण शोधण्याची सवय लागते.

शेतकऱ्याच्या घरातील मुलास हे नवे नाही. वखराची पास व विळ्याची धार काम झाल्यावर पुसून ठेवावयाची असते, हे त्याने घरी पाहिलेलेच असते. तोच संस्कार कुंचल्याच्या रूपाने शाळेत आला पाहिजे. जो कुंचला आज नीट धुवून टांगला, तो उद्या एखाद्या मुलाच्या हातून एक स्वच्छ रेघ काढवील. आणि ती रेघ पाहून त्या मुलास आपल्या हाताविषयी विश्वास वाटेल. दहा मिनिटांच्या श्रमाचे याहून मोठे फळ कोणते?