‘पोलीस ॲक्शन’: एका नावामागचं राजकारण

नांदेड-लातूरकडच्या गावांत जुनी माणसं काळ सांगताना दोन खुणा वापरतात : ‘रझाकारीत’ आणि ‘पोलीस ॲक्शनच्या साली’. यातला दुसरा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडला आहे, की तो कुणीतरी विचारपूर्वक निवडलेला शब्द आहे, हे ध्यानातच येत नाही.

गैरसमज : ‘पोलीस ॲक्शन’ ही पोलिसांची कारवाई होती.

वस्तुस्थिती : ती लष्कराची मोहीम होती आणि तिचं सांकेतिक नाव होतं ‘ऑपरेशन पोलो’. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारताची मुख्य फौज सोलापूरकडून नळदुर्गमार्गे, भारतात सामील न झालेल्या निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरली. मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी तिचे प्रमुख होते. रणगाडे आणि विमानंही वापरली गेली. १७ सप्टेंबरला निजामाने युद्धबंदी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी संस्थानचे सेनापती अल इद्रूस चौधुरींना शरण आले.

गैरसमज : हा शब्द पहिल्यांदा आपल्याकडेच वापरला गेला.

वस्तुस्थिती : जुलै १९४७ मध्ये डचांनी इंडोनेशियावर मोठी फौज घातली आणि तिला ‘पोलिसी कारवाई’ म्हटलं. वसाहत आमची, तिथला बंदोबस्तही आमचाच, मग याला युद्ध कसं म्हणायचं, असा त्यांचा दावा होता. त्या हल्ल्याविरुद्ध सुरक्षा परिषदेत दाद मागणाऱ्यांत ऑस्ट्रेलियाबरोबर भारतही होता. चौदा महिन्यांनी तोच शब्द आपल्याकडे वापरला गेला. डच आपली वसाहत परत मिळवू पाहत होते आणि इथे निजामाच्या प्रजेला भारतात यायचं होतं. दोन्ही लढायांचा हेतू वेगळा होता, पण शब्दाने दोन्हीकडे एकच काम केलं : युद्धाला घरचा बंदोबस्त ठरवलं.

गैरसमज : नाव काहीही दिलं तरी काय फरक पडतो?

वस्तुस्थिती : तेव्हा फार मोठा फरक पडत होता. २१ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादने संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार केली होती. दोन देशांतलं युद्ध ठरलं असतं, तर सुरक्षा परिषदेला त्यात हात घालता आला असता. पोलिसी कारवाई म्हटली की तो देशाचा अंतर्गत प्रश्न ठरतो. तिकडे निजामाचा प्रचार याच घटनेला स्वतंत्र राष्ट्रावरचं आक्रमण म्हणत होता.

गैरसमज : मराठवाडा पाच दिवसांत मुक्त झाला.

वस्तुस्थिती : मराठवाडा हैदराबाद संस्थानातच होता आणि तिथला लढा फार आधीपासून चालू होता. निजामाच्या राजवटीविरुद्ध स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह १९३८ पासूनचा. १९४६ मध्ये बिलोलीजवळ अर्जापूर इथे लढ्यातले कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र होत असताना लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना निजामाने अटक केली. ३० जानेवारी १९४८ रोजी कार्यकर्त्यांनी उमरीची बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला. संस्थानच्या सरहद्दीवरच्या लढ्याच्या कॅम्पांत कितीतरी तरुण घरदार सोडून राहिले. ‘पोलीस ॲक्शन’ म्हटलं की ही सगळी माणसं गोष्टीतून गळून पडतात. म्हणून ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम’ हे नाव महत्त्वाचं आहे.

गैरसमज : रझाकार म्हणजे मुसलमान.

वस्तुस्थिती : रझाकार या शब्दाचा अर्थ स्वयंसेवक. इत्तेहादुल मुसलमीन या पक्षाची ती सशस्त्र संघटना होती. तिचा म्होरक्या कासिम रझवी लातुरात वकिली करायचा. मात्र त्याला विरोध करणारे मुसलमानही होते. भारतात सामील होण्याची बाजू मांडणारे ‘इमरोज’ दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत हत्या झाली.

गैरसमज : १७ सप्टेंबरला रक्तपात थांबला.

वस्तुस्थिती : रझाकारांच्या अत्याचारांचा सूड नंतर सामान्य मुसलमानांवर उगवला गेला. केंद्राने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड होता आणि उस्मानाबादही. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. हा अहवाल सरकारने अनेक दशकं प्रसिद्ध केला नाही. जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही त्यात नोंद आहे.

‘पोलीस ॲक्शन’ या शब्दाने लढणारेही झाकले आणि नंतर मारले गेलेलेही. १७ सप्टेंबरला गावच्या हुतात्मा स्मारकापुढे उभं राहताना आपण मुक्तिसंग्राम हे नाव अभिमानाने घ्यावं, आणि ज्यांची नावं कुठल्याच स्मारकावर कोरली गेली नाहीत त्यांच्याबद्दलही घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं. सांगू शकतील अशी माणसं आता फार उरलेली नाहीत.