आधी उजेड ओळखा, मग कॅमेरा

पोळ्याच्या दिवशी उमरखेड तालुक्यातल्या ढाणकीत किंवा आसपासच्या गावांत तोरणाखाली बैलांच्या जोड्या उभ्या राहतात, तेव्हा कॅमेऱ्याचा खरा कस लागतो. पांढऱ्या बैलानं चौकट भरली, तर फोटोत तो बहुधा मळकट दिसतो. काळ्या बैलानं भरली, तर तोच फिकट पडतो. कॅमेरा महाग असला तरी हे घडतं, कारण बिघाड कॅमेऱ्यात नसतोच. समोरचं दृश्य सरासरीनं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून आतला उजेडमापक हिशेब करतो. बैल पांढराशुभ्र आहे, सकाळीच त्याला नदीवर धुऊन आणलंय, हे त्या मापकाला ठाऊक नसतं. ते फोटो काढणाऱ्याला ठाऊक असतं. कॅमेऱ्याची सेटिंग शिकायची ती एवढ्यासाठीच: जे आपल्याला ठाऊक आहे ते कॅमेऱ्याला सांगता यावं.

तीन आकडे

फोटो किती उजळ येणार हे तीन गोष्टींवर ठरतं. अॅपर्चर म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र. शटर स्पीड म्हणजे तो उजेड किती वेळ आत येऊ द्यायचा ते. आयएसओ म्हणजे आत आलेल्या उजेडाला कॅमेरा किती वाढवून दाखवणार ते. विहिरीवरच्या मोटारीनं हौद भरायचा, तर पाइप मोठा घेता येतो किंवा मोटार जास्त वेळ चालवता येते. अॅपर्चर आणि शटरचं नातं तसंच आहे.

अॅपर्चरचे आकडे सुरुवातीला चकवतात. आकडा लहान, तर छिद्र मोठं. २.८, ४, ५.६, ८, ११, १६ या क्रमात एकेक पायरी पुढं गेलं की उजेड निम्मा होतो. शटरमध्ये सेकंदाचा २५० वा भाग सोडून १२५ वा घेतला की उजेड दुप्पट. आयएसओ १०० वरून २०० केला की फोटो दुप्पट उजळ. म्हणजे एफ ४ आणि १/५०० सेकंद या जोडीनं जेवढा उजेड मिळतो, तेवढाच एफ ८ आणि १/१२५ या जोडीनंही मिळतो. फोटो मात्र वेगळे येतात. पहिल्या फोटोत चालता बैल स्थिर दिसेल आणि मागची गर्दी धूसर होईल. दुसऱ्यात गर्दीही बऱ्यापैकी स्पष्ट येईल, पण बैलानं मान हलवली तर ती पुसट होईल. यातला कोणता फोटो हवा, हे आपणच ठरवायचं.

आयएसओ वाढवण्याची किंमत द्यावी लागते. उजेड अपुरा असताना आयएसओ वाढवला की फोटोवर कण दिसू लागतात आणि रंग मरतात. म्हणून आधी अॅपर्चर आणि शटर पाहायचं, आयएसओ शेवटी. पण हललेल्या फोटोपेक्षा दाणेदार फोटो बरा, हेही लक्षात असावं. कण नंतर थोडेफार कमी करता येतात, हललेला चेहरा परत मिळत नाही.

कपाशीच्या शेतात पहिला धडा

शिकायला सुरुवात करायची तर दिवाळीच्या आगेमागे कपाशीच्या शेतात जावं. भर उन्हात फुटलेली बोंडं आणि वेचणाऱ्या बायांचे उन्हानं रापलेले चेहरे, हा सामना कॅमेऱ्यासाठी अवघड आहे. चेहरे नीट दिसावेत म्हणून फोटो उजळ केला की कापूस जळतो. म्हणजे तिथं नुसता पांढरा ठिपका उरतो, धागा दिसत नाही. जळलेल्या जागेत कुठलाच तपशील नोंदलेला नसतो, त्यामुळे नंतर काही केलं तरी तो परत येत नाही. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं बटण कामाला येतं. अधिक आणि वजा अशी खूण असलेलं हे बटण बहुतेक सगळ्या कॅमेऱ्यांत असतं. चौकटीत कापूसच कापूस असेल आणि तो मळका येत असेल, तर अधिक १ कडे जा. चौकटीत काळी माती आणि गर्द हिरवा पाला जास्त आणि बोंडं थोडी असतील, तर वजाकडे.

पांढऱ्या बैलासाठी अधिक, काळ्यासाठी वजा, हा पोळ्याचा नियम इथूनच येतो. फोटो काढल्यावर हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, बघायची सवय लावावी. आलेख उजव्या भिंतीला चिकटून ढीग झाला असेल, तर काहीतरी जळलंय. भर उन्हात कॅमेऱ्याच्या पडद्यावर विसंबू नये, आलेखावर विसंबावं.

उन्हासाठी छायाचित्रकारांचा एक जुना ठोकताळा आहे. लख्ख ऊन असेल तर अॅपर्चर १६ ठेवायचं आणि शटर आयएसओच्या आकड्याजवळचं. आयएसओ १०० असेल तर १/१२५. मापक बंद असला तरी यावर फोटो जमतो. त्याच उन्हात एफ ८ घेतलं तर १/५००. हा ठोकताळा पाठ असला की मापक कधी फसतोय ते ओळखता येतं.

पोळ्याची संध्याकाळ

पोळा श्रावण अमावस्येला येतो. आभाळ भरलेलं असण्याची शक्यता जास्त, आणि ती फोटोसाठी चांगलीच. ढगांतून गाळून येणाऱ्या उजेडात काळ्या सावल्या पडत नाहीत. झुलीवरचे आरसे, शिंगांना लावलेला रंग, बाशिंग, सगळं सौम्य आणि खरं दिसतं. पण झडत्या रंगात येईपर्यंत उजेड उतरू लागतो. तेव्हा शटर १/२५० च्या खाली जाऊ देऊ नये; बैल उधळण्याची भीती असेल तर १/१०००. कॅमेऱ्याच्या चक्रीवर यासाठी ‘एस’ असतं, कॅननवर ‘टीव्ही’. ऑटो आयएसओ चालू ठेवून त्याला ३२०० ची मर्यादा घालावी. फोकसचा बिंदू बैलाच्या किंवा माणसाच्या जवळच्या डोळ्यावर ठेवावा. डोळा स्पष्ट असेल तर बाकी थोडं मऊ झालेलं खपतं.

आदल्या दिवशीची खांदेमळणी अंगणात किंवा गोठ्यात शांतपणे चालते. तिथं घाई नसते, म्हणून ‘ए’ किंवा ‘एव्ही’ वर यावं, अॅपर्चर लेन्स देईल तेवढं मोठं करावं आणि हळद लागलेल्या हातांवर फोकस करावा.

सहस्रकुंडावर पाण्याचा वेग

शटर स्पीड समजून घ्यायला पैनगंगेवरच्या सहस्रकुंड धबधब्यासारखी दुसरी जागा जवळपास नाही. १/१००० वर पाण्याचे थेंब हवेत थांबतात. १/४ सेकंदावर तेच पाणी काळ्या खडकावरून पांढऱ्या पट्ट्यांनी उतरतं. त्यासाठी ट्रायपॉड लागतो आणि उजेड कमी करणारा फिल्टर. ढगाळ दिवशी एफ १६ आणि आयएसओ १०० वर शटर १/३० च्या आसपास येतं; एनडी ८ फिल्टर उजेड तीन पायऱ्या कमी करतो, म्हणजे तेच १/४ होतं. एवढा हिशेब घरूनच करून जावा. कड्याजवळ उभं राहून आकडे शोधू नयेत. वर इसापूर धरण आहे आणि पावसाळ्यात पाण्याची पातळी अचानक वाढू शकते. कोणताही फोटो त्या धोक्याच्या लायकीचा नाही.

रात्री घरातला उजेड

महालक्ष्म्यांच्या सजावटीचे फोटो पिवळे येतात, कारण पिवळ्या बल्बचा उजेड साधारण २,७०० ते ३,००० केल्व्हिनचा आणि दुपारच्या उन्हाचा ५,५०० चा असतो. व्हाइट बॅलन्समध्ये बल्बची खूण निवडली की साडीचा रंग मूळचा येतो. थोडा पिवळेपणा राहू दिला तर घरातली ऊबही राहते. दिव्यांच्या माळांखाली फोटोत आडवे काळे पट्टे येत असतील, तर शटर १/१०० किंवा १/५० वर आणावं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. वेगवान शटरला ते दिसतं.

मोबाइलवरही हे सगळं शिकता येतं. बहुतेक फोनमध्ये अॅपर्चर बदलत नाही, पण ‘प्रो’ मोडमध्ये शटर, आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स हाती येतात.

मापकाशिवायचे गुरू

महाराष्ट्रात हे शिक्षण जुनं आहे. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपून पडद्यावर दाखवली. या लोकांच्या कॅमेऱ्यात उजेडमापक नव्हता. उजेड डोळ्यांनी तोलायचा आणि आकडा स्वतः ठरवायचा, हाच त्यांचा अभ्यास. आपल्या हातातल्या यंत्रानं हे कष्ट वाचवलेत, पण त्यासोबत सवयही गेली.

म्हणून नव्यानं शिकणाऱ्यानं दुसरी लेन्स घेण्याआधी एक करावं. एक आठवडा फक्त अॅपर्चर बदलून फोटो काढावेत, दुसरा आठवडा फक्त शटर, तिसरा आयएसओ. विषय एकच ठेवावा: दारातलं तुळशीवृंदावन, आठवडी बाजारातलं एखादं दुकान, शेतावर जाणारी बैलगाडी. आणि काढलेले फोटो नाव, गाव, तारीख लिहून जपावेत. बैलजोड्या कमी होत चालल्या आहेत, वेचणीची आणि मळणीची रीत बदलते आहे. ढाणकीचं हे जगणं ढाणकीच्याच लोकांनी नीट टिपलं पाहिजे. येत्या पोळ्याला कॅमेरा ऑटोवरून काढा.