शेवटच्या टाकीतला काथ्याचा भुसा

प्लेटिंगच्या कारखान्यात मुलामा चढवलेले भाग धुतले, की त्या पाण्यातून क्रोमियम, निकेल, जस्त वाहून जातात. त्यांवरचा उपाय ठरलेला आहे. विषारी षट्संयुजी क्रोमियमचं आम्लात सोडियम मेटाबायसल्फाइट घालून त्रिसंयुजी क्रोमियम करायचं, मग चुना टाकून सगळे धातू गाळात बसवायचे. पाण्यात धातू भरपूर असेपर्यंत हे स्वस्तात भागतं. घोडं अडतं ते उरल्यासुरल्या अंशापाशी. क्रोमियम साडेआठच्या आसपासच्या सामूला छान बसतं, निकेलसाठी दहापर्यंत जावं लागतं आणि तिथे क्रोमियम पुन्हा विरघळू लागतं. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात षट्संयुजी क्रोमियमची मर्यादा तर लिटरला फक्त ०.१ मिलिग्रॅम आहे. काथ्याचा भुसा, उसाची चिपाडं, शेंगांची टरफलं या धातू शोषणाऱ्या पदार्थांची खरी जागा चुन्यानंतरच्या या शेवटच्या टाकीत आहे, चुन्याच्या ऐवजी नाही.

वनस्पतींच्या पेशीभित्तिकेतले कार्बोक्सिल गट कॅल्शियम सोडून देतात आणि त्याच्या जागी निकेल किंवा शिसं धरतात. पाणी फार आम्लधर्मी असेल तर हायड्रोजनचे आयनच त्या जागा अडवतात. क्रोमेटचा, म्हणजे षट्संयुजी क्रोमियमचा, आयन ऋणभारित, म्हणून त्याची वाट वेगळी: त्याला आम्लच लागतं आणि तिथे भुशातलं लिग्निन त्याचं त्रिसंयुजी क्रोमियम करतं. एकाच टाकीत सगळे धातू पकडण्याच्या दाव्यांकडे म्हणूनच जरा संशयाने पाहावं.

आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. कच्चा भुसा पाण्यात रंग आणि सेंद्रिय द्रव्य सोडतो. तो आधी धुऊन घ्यावा लागतो आणि तो खर्च हिशेबात धरलाच पाहिजे. चिपाडं फुकट मिळतात हाही भ्रम, साखर कारखाने ती बॉयलरमध्ये जाळून वीज करतात. १९९०च्या दशकात उत्तर अमेरिकेत शैवाल आणि तत्सम जैवपदार्थांचे शोषक बाजारात आणून पाहिले, पण आयन-विनिमय करणाऱ्या कृत्रिम रेझिनपुढे त्यांचा निभाव लागला नाही. सगळ्यांत टोकदार आक्षेप असा, की धातू नष्ट होत नाही, पाण्यातून भुशात जातो, एवढंच. बरोबर आहे, पण निकेलचं धुवण वेगळं ठेवलं तर भुशातला निकेल सौम्य आम्लाने सोडवून थोड्याशा द्रावणात परत मिळवता येतो. सगळी पाणी एकत्र केली की ती सोय जाते आणि वापरलेला भुसा घातक कचरा ठरतो. तो भट्टीत टाकणं तर आणखी वाईट, कारण चुन्याच्या संगतीत जळताना त्रिसंयुजी क्रोमियम पुन्हा षट्संयुजी होऊ शकतं.